दर्यावाल्यांची डोंगरी मामी

युआनामामीला समुद्र कधीच आवडला नाही. आमच्या बुलांगा गावात तिचं घर पाण्यापासून हाकेच्या अंतरावर, पण इतकी वर्षं राहूनही तिने घोट्याच्या वर पाणी लागू दिलं नाही. संध्याकाळी आम्ही बायका वाळूत बसायचो, तेव्हा ती पाठ दर्याकडे करून बसायची. विचारलं तर म्हणायची, "सारखं हालतंय मेलं. एका जागी उभं राहायला काय होतं त्याला?"

ती वरची. वरची म्हणजे घाट चढून, ढग ओलांडून पलीकडे जो डोंगराळ मुलूख लागतो, तिथल्या दुमुन गावची. माझे गेदिसामामा, म्हणजे आईचे थोरले भाऊ, तरुणपणी तिथे सरकारी दवाखान्यात कंपाउंडर म्हणून गेले. आमच्या पापुआ न्यू गिनीत मिशनच्या शाळा आधी किनाऱ्यावर आल्या, त्यामुळे त्या काळी मास्तर, पाद्री, कंपाउंडर असे सगळे दर्यावाले वर जायचे. आमच्याकडचे म्हातारे ते अजून ऐकवतात. ऐकणाऱ्याला वाटावं, रताळं सोलून खायचं असतं हेही डोंगरवाल्यांना आम्हीच शिकवलं.

मामांना तिथली भाषा येत नव्हती. युआना मिशनमध्ये पिजिन, म्हणजे सगळ्या मुलखात चालणारी मिश्र बोली, शिकलेली होती, म्हणून ती पेशंट आणि मामा यांच्या मध्ये उभी राहायची. पेशंट हातवारे करून, आजोबा-पणजोबांपासून सगळं सांगायचा आणि मग ही मामांकडे वळून म्हणायची, "पोट दुखतं म्हणतोय." मामा म्हणायचे, "एवढंच?" ती म्हणायची, "बाकीचं तुमच्या औषधाने बरं होण्यातलं नाही."

तिथेच कुठेतरी लग्न जमलं. देज ठरवायला आमची माणसं सुक्या माशांच्या टोपल्या, चटया आणि खोबरेल तेल घेऊन घाट चढली. तिच्या काकाने टोपलीत डोकावून विचारलं, "हे पिलं देतात का?" आमचे आजोबा म्हणाले, "मासे आहेत, पिलं कसली देणार?" "मग डुकरं आणा. खाऊन संपतं ते देज नव्हे, ते जेवण." शेवटी डुकरं तिथलीच विकत घेऊन तिथेच दिली. वर एक अट पडली की पोरीला खाली न्यायचं नाही. मामांनी ती अट नोकरी संपेपर्यंत पाळली. त्यांना मूल झालं नाही. पेन्शन लागली तेव्हा मामांचे गुडघे त्या थंडीत धड वाकेनात, आणि म्हातारपणी माणसाला आपल्या मातीची ओढ लागते ती लागतेच.  मामीने आपली विणलेली झोळी, जिला सगळे बिलुम म्हणतात, कपाळाला अडकवून पाठीवर सोडली आणि ती मामांच्या मागोमाग खाली आली.

गावामागच्या उतारावर तिने रताळी लावली. तिच्या ओळी अशा सरळ की आमच्या बायका आधी हसल्या आणि मग रोपं मागायला गेल्या. आठवड्यातून दोनदा ती बंदराच्या शहरातल्या बाजारात बसायची. तिथे डोंगरातल्या बायका कोबी-गाजरं घेऊन एका बाजूला आणि आमच्या बायका मासे, नारळ, सुपारी घेऊन दुसऱ्या बाजूला बसत. मामी मधल्या खांबापाशी बसायची. तिथे सावली असते म्हणायची.

टोमणे दोन्हीकडून यायचे. माझी आईसुद्धा कमी नव्हती. "वहिनी, तुझ्या माणसांनी काल परत बस लुटली हं."

"माझ्या माणसांनी? मी तर काल दिवसभर तुझ्याशेजारी बसले होते."

"तू नाही ग, तुझी ती वरची."

"मग त्यांना जाऊन सांग. मला कशाला सांगतेस? मला कुणी वाटा आणून दिला नाही."

त्या वर्षी निवडणूक आली आणि हे टोमणे टोमणे राहिले नाहीत.

भांडण जुनंच होतं. आम्ही म्हणायचो, बंदर आमचं आणि त्याचा पैसा घाट चढून जातो, कारण पार्लमेंटात वरचे खासदार जास्त. ते म्हणायचे, कॉफी आमची, सोनं आमचं, आणि खाली उतरलेला पैसा परत वर येतच नाही. आमच्या शाळेचं छप्पर गळत होतं. मी तिथे शिकवते, पाऊस आला की पोरांना घेऊन एका कोपऱ्यात उभी राहते. आणि दुमुनच्या ज्या दवाखान्यात मामांनी आयुष्य घालवलं, त्याला मामा खाली आल्यावर कुलूप लागलं होतं. मग तो पैसा जात होता कुठे, हे ना त्यांनी विचारलं ना आम्ही.

आमच्याकडून उभा राहिला तो माझा सख्खा भाऊ, आपोलोस. बंदरावर कारकून होता, बोलायला गोड. लहानपणी शाळेच्या सुट्टीत तो दुमुनला जाऊन राहायचा आणि मामीच्या चुलीपाशी झोपायचा. आता सभेत तो हात वर करून विचारायचा, "दर्या कुणाचा?" आणि लोक ओरडायचे, "आमचा!" "मग सत्ता कुणाची?" "आमची!" तिसरी घोषणा तो स्वतः देत नसे, ती गर्दीतून यायची. "डोंगरवाल्यांनो, घाट चढा!"

एका दुपारी तो मामांकडे आला. मी तिथेच होते, मामांच्या पायाला तेल लावत. मामीने त्याच्यापुढे भाजलेली रताळी ठेवली.

"मामा, रविवारी मोठी सभा आहे," तो म्हणाला. "तुम्ही नुसते स्टेजवर येऊन बसा. बोलू नका हवं तर. लोक तुम्हाला मानतात."

"आणि युआना?"

आपोलोसने रताळं सोललं, पुन्हा सोललं. "मामीला कशाला उन्हात त्रास?"

मामी चुलीकडूनच म्हणाली, "अरे, ऊन तर सगळ्यांनाच लागतं. माझंच डोकं का वितळणार?"

"तसं नाही मामी. लोकांच्या भावना आहेत."

"असतील. रताळं गार होतंय."

"मामी, हे तुझ्याबद्दल नाहीये ग. तू आमचीच आहेस. हे त्या झोपड्यांच्या वस्तीतल्या लोकांबद्दल आहे, जे येतात आणि जागा बळकावतात."

"त्या वस्तीत माझी चुलतबहीण राहते," मामी म्हणाली. "तिने बळकावलेली जागा बघितलीस का? झोपली की पाय बाहेर येतात."

मामांनी पाय ओढून घेतला. ते म्हणाले, "आपोलोस, मी दमलोय रे. मी आयुष्यभर दोन्हीकडच्या लोकांची गळवं फोडली. आतून एकसारखंच निघतं. मला स्टेजवर नको बसवू." आपोलोस उठला. दोन रताळी मात्र खिशात घालून गेला.

मग शहरात बसस्टँडवर भांडण झालं. कोण म्हणतं सुपारीच्या टपरीवरून, कोण म्हणतं पोस्टर फाडण्यावरून. आमच्या शेजारच्या गावचा एक कोळ्याचा मुलगा सुरा लागून मेला. सुरा कुणाचा ते कळलं नाही, आणि कळेपर्यंत थांबायला कुणाला वेळही नव्हता. मी शाळेच्या पायरीवरून धूर बघितला. वस्ती जळत होती. मामीची चुलतबहीण नेसत्या कपड्यानिशी पोलीसचौकीच्या आवारात जाऊन बसली, आणि तिच्यासारखी शेकडो माणसं तिथे ताडपत्रीखाली राहू लागली. सरकारने ट्रक लावले आणि ज्यांना वर जायचं असेल त्यांना नेऊ म्हणून सांगितलं. उत्तर म्हणून वरच्या लोकांनी घाटात ओंडके टाकून रस्ता अडवला. खालून काही वर येणार नाही, वरून काही खाली जाणार नाही. मग आमच्या पोरांनी घाटाच्या पायथ्याशी आपले ओंडके टाकले. रस्ता आधीच बंद होता, तो आता आमच्याकडूनही बंद झाला.

गावात बदामाच्या झाडाखाली बैठक बसली. एक म्हातारा उठून म्हणाला, "मत पडून मोजणी होईपर्यंत गावात एकही डोंगरी माणूस नको. सासुरवाशीण असली तरी. त्यांच्याच भल्यासाठी सांगतोय." गावात अशा तिघी होत्या. दोघींचे नवरे तावातावाने उठले. मामांना उठायला वेळ लागला, आणि ते उठेपर्यंत मामीच बोलली.

"किती ओरडता? जाते मी. माहेरी जायला मला कुणाची बंदी आहे का?"

"युआना, खाली बस," मामा म्हणाले.

"बसले असते कंपाउंडर, पण हे लोक बसू देणार नाहीत. आणि तुम्ही त्यांच्याशी भांडायला लागलात तर तुमचा रक्तदाब वाढेल. मोजणी झाली की येते."

मी आपोलोसदादाकडे बघत होते. त्याची नजर मोबाईलमध्ये होती. मोबाईलला तिथे रेंज नसते.

दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या पहाऱ्यात ट्रक निघाला. वर परतणाऱ्यांच्या ट्रकपुरते दोन्हीकडचे ओंडके बाजूला होत. मामी मामांना गोळ्या समजावून सांगत होती, सकाळची पांढरी, रात्रीची पिवळी. जन्मभर औषधं देत आलेला माणूस मुकाट्याने मान हलवत होता. माझी आई धावत आली आणि तिने केळीच्या पानात गुंडाळलेले धुरावरचे मासे मामीच्या झोळीत कोंबले. "वाटेत खा." मामी म्हणाली, "याला काटे किती असतात ग." आणि मग दोघीही रडल्या. त्या आधी कधी एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

वर तिचा धाकटा भाऊ होता, कौपा. कॉफीचे मळे आणि स्वतःचा ट्रक असलेला, गावातलं मोठं प्रस्थ. तोही तिकडच्या उमेदवारासाठी राबत होता. बहीण आली त्याचा त्याला आनंद झाला, पण दुसऱ्याच दिवशी तो म्हणाला, "ताई, आपली सभा आहे. तू बोल. दर्यावाल्यांनी तुला कसं हाकललं ते सांग. लोक रडतील."

"मी रताळी खायला आलेय," मामी म्हणाली. "भाषण द्यायला नाही."

"तुझा अपमान झालाय ताई!"

"झालाय ना? मग तो माझा आहे. तुला कशाला हवा?"

कौपा चिडून सभेच्या तयारीला निघून गेला. मामी चुलीपाशी बसून राहिली. इतक्या वर्षांनी तिला माहेरची थंडी झेपत नव्हती. भावजया तिला हसायच्या, "दर्याने तुझं रक्त पातळ केलं." डोंगरातल्या तिच्या जुन्या मैत्रिणी तिच्याशी जपून बोलायच्या, दर्यावाल्याच्या बायकोपुढे काय बोलावं आणि काय नाही असं त्यांना व्हायचं.

मतदान सुरू व्हायच्या सुमारास गेदिसामामा पडले. सकाळी अंगणात चूळ भरत होते, हातातला तांब्या पडला आणि पाठोपाठ तेही. तोंड एका बाजूला गेलं, उजवा हात गेला, जीभ जड झाली. होडीतून त्यांना शहरातल्या इस्पितळात नेलं, तिथे डॉक्टर म्हणाले, घरी न्या आणि सांभाळा. मी कौपाला फोन लावला. लागता लागत नव्हता. शेवटी लागला तेव्हा मामीच बोलली. मी सांगितलं. 

"पिवळी गोळी घेत होता का?" तिने विचारलं.

"मला माहीत नाही मामी."

"नसणार. ती त्याला कडू लागते. येते मी."

येणार कशी? घाट बंद होता. तिने झोळी पाठीला लावली आणि चालत ओंडक्यांपर्यंत गेली. तिथे तिच्याच कुळातले तरुण सुरे-कुऱ्हाडी घेऊन बसले होते. ते म्हणाले, "आत्या, कुणाला खाली सोडायचं नाही असं ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

"कौपाकाकाने."

मग ती ओंडक्यावर बसली. पाऊस आला तरी उठली नाही. पोरं अवघडून गेली. कुणीतरी तिच्या डोक्यावर केळीचं पान धरलं, कुणीतरी कौपाला बोलवायला पळालं. पुढचं मला कौपानेच सांगितलं, मान खाली घालून, पण मध्येच हसतही.

तो आला आणि म्हणाला, "ताई, लोक माझ्याकडे बघतायत. मी बहिणीला सोडलं तर उद्या प्रत्येकजण आपली बहीण घेऊन येईल. एक काम कर. आज दुपारी सभा आहे. तू दोन शब्द बोल. मग मी स्वतः ट्रकने तुला सोडतो, कुणी काही म्हणणार नाही."

मामीने झोळी उचलली. मग म्हणाली, "चल. कुठे बोलायचंय?"

शाळेच्या मैदानावर हजारभर माणसं होती. कौपाने तिला पुढे केलं आणि ही आपली बहीण, दर्यावाल्यांनी हिला कुत्र्यासारखं हाकललं, आता तिच्याच तोंडून ऐका, असं सांगितलं. मामीने भोंगा हातात घेतला. तो कसा धरतात हे तिला ठाऊक नव्हतं, तिने उलटा धरला. कुणीतरी सुलटा करून दिला.

"मी युआना, सिउनेची मुलगी," ती म्हणाली. "खालच्या लोकांनी मला जा म्हटलं, हे खरं आहे. ट्रकमध्ये बसवलं, तेही खरं. माझ्या बहिणीचं घर जाळलं." लोक गुरगुरले. ती थांबली, आवाज शांत होऊ दिला. "माझा नवरा खाली अंथरुणाला खिळलाय. तुमच्यातल्या अर्ध्यांना त्याने 'रडू नका' म्हणत सुया टोचल्यात, आठवत असेल. मी त्याच्याकडे निघाले तर मला रस्त्यात ओंडके टाकून अडवलं. ते खालच्या लोकांनी नाही अडवलं. ते तुम्ही अडवलं. तिकडे म्हणतात वर जा, इकडे म्हणतात खाली जाऊ नको. मला उभं कुठे राहायचं तेवढं कुणीतरी सांगा. नाहीतर राहू द्या. भाऊ म्हणाला दोन शब्द बोल, मग गाडी देतो. हे झाले दोन शब्द. कौपा, गाडी काढ."

आणि भोंगा खाली ठेवून ती ट्रकच्या दिशेने चालू लागली. कौपा म्हणतो, तेवढ्यात मागून एक म्हातारी खो खो हसायला लागली. "कौपा, गाडी काढ!" ती ओरडली, आणि बायकांच्या बाजूने सगळीकडून तेच सुरू झालं. आजही दुमुनमध्ये कौपा फार बोलायला लागला की कुणीतरी म्हणतं, "कौपा, गाडी काढ." त्याने काढली. ओंडकेवाल्यांनी ओंडका बाजूला केला, ट्रक गेल्यावर परत टाकला.

कौपा घाटाच्या मधल्या वळणापर्यंतच येऊ शकत होता, त्यापुढे आमची पोरं त्याला मारतील ही भीती होती. तिथून मामी एकटी उतरली. पाय सुजले होते, झोळीत रताळी, आणि घाटाखालच्या गवताळ सपाटीवर ऊन असं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. पायथ्याशी आमची पोरं होती, तोंडात सुपारी, डोळे लाल.

"थांब! डोंगरवाली आहेस तू."

"बुलांगाच्या कंपाउंडरची बायको आहे मी."

"कशावरून?"

मग तिने त्यांना आमच्या भाषेत शिव्या घातल्या. आमची भाषा ती असा डोंगरी हेल काढून बोलायची की प्रत्येक शब्द चढावर चढल्यासारखा व्हायचा. तिने त्यांची आई काढली, आजी काढली, रस्त्यावर सुपारीच्या पिचकाऱ्या मारून घाण केली म्हणून फटकारलं, आणि नवरा आजारी असलेल्या बाईला पुरावा विचारतोस, तुला तुझ्या आईने मासे खाऊ घातले की शेण, असं विचारलं. पोरं आधी दचकली आणि मग पोट धरधरून हसायला लागली. एवढी वाईट आमची भाषा इतक्या मनापासून बोलणारी बाई नक्की आमच्यातच लग्न होऊन आलेली असणार, हे त्यांनी मान्य केलं. त्यांनी तिला पाणी दिलं आणि एका मासेवाल्याच्या गाडीत बसवून दिलं. ती घरी आली तेव्हा तिला माशांचा इतका वास येत होता की आईने आधी तिला आंघोळीला पाठवलं.

या सगळ्या धावपळीत मतदानाचे दिवस निघून गेले. तिने ना वर मत दिलं ना खाली. आम्हाला कुणालाच तेव्हा ते सुचलं नाही.

गावात तिला कुणी काही बोललं नाही. बैठकीत बोललेला म्हातारा तिला बघून झाडामागे गेला. मामा तिला बघून डाव्या अंगाने हसले. त्यांचं बोलणं आम्हाला कळायचं नाही, नुसतं घशातलं घरघरणं वाटायचं. मामी कान देऊन ऐकायची आणि आमच्याकडे वळून सांगायची, "उशी सरकवा म्हणतोय." कधी बराच वेळ ऐकून काहीच सांगायची नाही. मी विचारलं तर म्हणायची, "ते माझ्यासाठी होतं."

आपोलोस निवडून आला. ढोल वाजले, किनाऱ्यावर डुकरं कापली. मग तो राजधानीला गेला आणि खासदार जसे एका मोठ्या हॉटेलात बंद राहून सरकार जमवतात तसा राहिला. सरकार जमलं तेव्हा पेपरात फोटो आला. आमचा आपोलोस आणि कौपाचा उमेदवार एकाच बाकावर, गळ्यात हार आणि एकमेकांच्या खांद्यावर हात. दोघांना खाती मिळाली होती. मी पेपर घेऊन मामांकडे गेले. मामीने तो त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. मामांनी बराच वेळ पाहिला. मग त्यांच्या छातीतून एक आवाज निघाला, मला वाटलं रडतायत, पण ते हसत होते. हसता हसता त्यांना ठसका लागला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणतोय, पाठ खाजवून दे."

ओंडके कुणी काढा म्हटलं नाही. एक दिवस तिथे बसायला कुणी उरलं नाही, आणि पहिल्याच कॉफीच्या ट्रकवाल्याने ते ढकलले. चौकीच्या आवारातली माणसं मात्र ताडपत्रीखालीच राहिली. मामी बाजारातून येताना तिथे रताळी देऊन यायची. तिची चुलतबहीण तिथेच, दुसऱ्या पावसाळ्यात, तापाने गेली.

मामाही त्यानंतर फार जगले नाहीत. ते गेल्याचा निरोप वर पोचला आणि दुमुनची माणसं दोन ट्रक भरून आली, डुकरांसकट, अंगाला सुतकाची पिवळी माती फासून. लांबूनच त्यांचं रडणं ऐकू आलं. आमच्या पोरांनी आधी सुरे उचलले. माझी आई पोरांना ढकलून पुढे गेली, कौपाच्या गळ्यात पडली आणि त्याच्या सुरात सूर मिसळून रडायला लागली. मग कुणालाच काही करायचं उरलं नाही. आमच्या लोकांनी नारळ आणले, त्यांनी खड्डे खणून दगड तापवले, आणि मातीत मांस-रताळी-अळकुड्या एकत्र शिजत असताना सगळे एका चटईवर बसले. बोलत नव्हते फारसं. सुपारी तेवढी इकडून तिकडे जात होती.

जेवणं झाल्यावर कौपा म्हणाला, "ताई, आता चल. तुझं इथे कोण आहे?"

आई ताडकन म्हणाली, "म्हणजे? आम्ही काय मेलो? वहिनी कुठे जाणार नाही."

"तुम्हीच तर हाकललं होतं!"

"आणि तू अडवलं होतंस!"

दोघं चढत गेली. मामी भिंतीला टेकून बसली होती. तिने डोळे उघडले. "मला विचारतंय का कुणी?"

कौपा तिच्याकडे वळला. "बोल ना ताई. काय करणार तू?"

"आधी झोपणार," मामी म्हणाली, आणि खरंच आडवी झाली. कौपाची माणसं निघून जाईपर्यंत उठली नाही. ती राहिली ती अशी राहिली, न सांगता. पुढे मी एकदा कारण विचारलं तर म्हणाली, "वर थंडी आहे ग. माझेही गुडघे आता कुरकुरतात." दुसरं काही कारण असेल तर तिने सांगितलं नाही.

दोन वर्षांपूर्वी दादा सरकारी गाडीतून आला. एकोपा समिती काढली होती. वरच्या आणि खालच्या लोकांनी एका स्टेजवर हात धरून उभं राहायचं, पाहुणे येणार, फोटो निघणार. मामी मळ्यात होती. तो चिखलातून बूट सांभाळत तिच्यापर्यंत गेला.

"मामी, तुझ्याइतकी शोभणारी बाई दुसरी नाही. तू दोन्हीकडची आहेस."

मामी कुदळीवर टेकून उभी राहिली. ती खरोखर थकलेली दिसत होती, रागावलेली नाही. "आपोलोस, बाळा, तेव्हा तू म्हणालास ऊन लागेल. आता ऊन कमी झालं का?"

दादाचा चेहरा पडला. तो म्हणाला, "मामी, राजकारणात काही गोष्टी बोलाव्या लागतात."

"बोल की. मी कुठे नको म्हणते? मला ऐकायला लावू नकोस म्हणजे झालं. जेवून जाणार आहेस का?"

तो जेवला. चुलीपाशी, जमिनीवर बसून, हाताने.  जाताना तिच्या पाया पडल्यासारखं काहीतरी करायला वाकला आणि मग नुसताच बूट पुसून उठला. समितीच्या फोटोत दुसरीच एक बाई उभी होती.

आता पुन्हा निवडणूक आली आहे. या खेपेला दादाच्या विरोधात त्याच्याहून तरुण एक जण उभा आहे, आणि तो म्हणतो, आपोलोस डोंगरवाल्यांना विकला गेला. काल दुपारी त्याची भोंग्याची गाडी गावात आली तेव्हा मामी माझ्या ओसरीवर लवंडली होती. मी शाळेच्या वह्या तपासत होते. "दर्या कुणाचा?" असा आवाज आला आणि शेजारच्या अंगणातून पोरांनी उत्तर दिलं.

मामीने कूस बदलली आणि जुन्या फडक्याने कान झाकले. "केझिया," ती म्हणाली, "ती गाडी पुढच्या गावाला गेली की उठव मला. वेलांना पाणी घालायचंय."